कॅलेथियाच्या कडा दर उन्हाळ्यात करपतात? आधी पाणी मोजा

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एका पानाच्या टोकाला टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी ठिपका दिसतो. एप्रिल उजाडेपर्यंत तो कडेकडेने सरकतो आणि पानाला कोणी काठ लावावा तसा फिरतो. मे महिन्यात तो काठ बोटभर रुंद झालेला असतो, चिमटीत धरला तर पापडासारखा मोडतो. जूनमध्ये पाऊस लागला की नवी पानं धडधाकट येतात आणि वाटतं, सुटलो एकदाचे. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा तोच ठिपका.

माझ्या कॅलेथियाने, म्हणजे घरात कुंडीत लावतात त्या नक्षीदार पानांच्या झाडाने, हे सलग तीन उन्हाळे दाखवलं. माझं झाड मकोयाना, म्हणजे नर्सरीत ज्याला पीकॉक म्हणतात ते. फिकट, उजेडासमोर धरलं तर जवळजवळ आरपार दिसणारं पान, त्यावर गडद हिरव्या लांबट ठशांची मोरपिसासारखी नक्षी आणि खालची बाजू जांभळट लाल. पुण्यात जानेवारीत एम्प्रेस गार्डनला पुष्पप्रदर्शन भरतं, तिथून ते आणलं होतं. त्या दिवसापासून माझा त्याच्यावर फार जीव आहे, म्हणूनच या कडांचा मी इतका पिच्छा पुरवला. ऑर्बिफोलिया, मेडॅलियन, ऑर्नाटा, झेब्रिना या कॅलेथियाच्या बहिणी आणि त्यांच्या भावकीतली मरांटा या सगळ्यांना हाच त्रास होतो आणि इलाजही जवळपास हाच आहे. पांढरे पट्टे असलेली व्हाइट फ्यूजन असेल तर आणखी सांभाळा. पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, तो भाग सर्वांत आधी करपतो.

नावाचं एक सांगून ठेवते, कारण झाड शोधताना गोंधळ होतो. 2012 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञांनी कॅलेथियाच्या बहुतेक जाती गोपर्टिया नावाच्या प्रजातीत हलवल्या. लेबलवर गोपर्टिया लिहिलेलं दिसलं तर झाड तेच आहे, बाजारात अजूनही सगळे कॅलेथियाच म्हणतात.

आधी मी काय चुकीचं केलं

उन्हाळ्यात कडा करपतात म्हटल्यावर कोणालाही पहिलं सुचतं ते कोरडी हवा. मलाही तेच सुचलं, आणि ते अगदीच निराधार नव्हतं. हे झाड ब्राझीलच्या दमट जंगलातलं, मोठ्या झाडांच्या सावलीत जमिनीलगत वाढणारं. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा अशी कोरडी होते की ओठ फुटतात. मग मी दिवसातून तीनदा फवारा मारू लागले, कुंडीखाली खडे आणि पाण्याची ताटली ठेवली, दुसऱ्या वर्षी तर ह्युमिडिफायरही आणला. कडा करपायच्या त्या करपल्याच. उलट फवाऱ्यामुळे पानांवर पांढरे डाग पडले, पुसले तरी न जाणारे. ते डाग मला काहीतरी सांगत होते, पण मी त्यांना धूळ समजून सोडून दिलं.

उलगडा केला आबांनी. माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. त्या पट्ट्यात वर्षानुवर्षं उसाला पाटाने भरमसाट पाणी दिल्याने कितीतरी रानं क्षारपड झाली आहेत. जमिनीवर मीठ शिंपडल्यासारखा पांढरा थर येतो आणि पीक उठत नाही. आबा मे महिन्यात आमच्याकडे आले होते. खिडकीशी बसून चहा पिता पिता त्यांनी कुंडीच्या काठावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली पांढरी पूड बघितली आणि म्हणाले, "अगं, हिला क्षार फुटल्यात की. आमच्या खालच्या रानागत. पाणी कुठलं घालतीस?"

पाणी कुठलं? तर आरओच्या नळीतून वाया जाणारं. आमच्या घरात ते एका बादलीत साठतं आणि झाडांना जातं. पाणी वाया जाऊ नये म्हणून सासूबाईंनी लावलेली ही सवय, आणि तिच्यामागचा विचार अगदी योग्य आहे. पण आरओ यंत्र काय करतं ते लक्षात घ्या. येणाऱ्या पाण्यातले क्षार अडवून ते थोडं पाणी गोड करून आपल्याला देतं आणि अडवलेले सगळे क्षार उरलेल्या पाण्याबरोबर बाहेर काढतं. म्हणजे बादलीतलं पाणी मूळ पाण्यापेक्षा नेहमीच जास्त क्षारांचं.

मीटरने काय दाखवलं

टीडीएस मीटर म्हणजे पेनाएवढी वस्तू, दोन-तीनशे रुपयांत मिळते. कॅलेथिया पाळणाऱ्याने खतापेक्षा आधी ती घ्यावी असं माझं ठाम मत आहे. पाण्यात विरघळलेल्या क्षारांचा ती अंदाज देते, दर लिटरला किती मिलिग्रॅम याप्रमाणे.

माझ्या घरचे आकडे असे आले. महापालिकेचं धरणाचं पाणी 110. मार्चपासून सोसायटीत येणारं टँकर आणि बोअरचं मिसळलेलं पाणी 640. त्या दिवसांतलं आरओचं वाया जाणारं पाणी 890. आरओचं पिण्याचं पाणी 45.

हे आकडे कागदावर लिहिले आणि तीन वर्षांचं कोडं सुटलं. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात आमच्याकडे धरणाचं पाणी असतं, तेव्हा आरओमधून वाया जाणारं पाणीही जेमतेम दीडशेच्या घरात. झाड त्यावर सुखात. मार्चमध्ये टँकर सुरू होतात, बादलीतला आकडा नऊशेजवळ जातो, आणि नेमकं त्याच वेळी उन्हामुळे आपण आठवड्यातून दोनऐवजी चार वेळा पाणी घालायला लागतो. झाड पाणी पिऊन टाकतं, उरलेलं हवेत उडतं, क्षार मात्र कुंडीतच राहतात. मी ज्याला उन्हाचा त्रास समजत होते तो टँकरच्या वेळापत्रकाचा त्रास होता.

कडाच का करपतात याचंही कारण सरळ आहे. मुळांनी घेतलेलं पाणी शिरांमधून पानाच्या टोकापर्यंत आणि काठापर्यंत जातं आणि तिथून उडून जातं. त्याच्याबरोबर आलेला क्षार पुढे कुठे जाणार? तो काठाला साचत राहतो आणि तिथल्या पेशी मारतो. पहाटे कॅलेथियाच्या पानाच्या टोकाला कधी कधी पाण्याचा थेंब लोंबताना दिसतो. तो दव नसतो, मुळांनी वर चढवलेलं जास्तीचं पाणी झाड तिथून बाहेर टाकतं. क्षारांच्या पाण्यावरच्या झाडाचा तो थेंब वाळल्यावर टोकाला पांढरट ठिपका राहतो. माझ्या झाडावर तो होता.

तरी खात्री करून घ्यायची म्हणून त्या जूनमध्ये मी झाडाचे दोन भाग केले. कॅलेथिया गड्ड्यापासून फुटते, हळदीसारखी, आणि हे साम्य वरवरचं नाही. हळद, आलं, केळ, कर्दळ आणि कॅलेथिया ही सगळी एकाच गणातली. दोन्ही भाग सारख्या मातीत, सारख्या कुंड्यांत लावले आणि एकाच खिडकीत शेजारी शेजारी ठेवले. फेब्रुवारीपर्यंत दोघांना एकच पाणी. पुढच्या मार्चपासून एकाला आरओचं पिण्याचं पाणी आणि दुसऱ्याला बादलीतलं. हवा एक, उजेड एक, फवारा दोघांनाही बंद. एप्रिलअखेरीस बादलीवाल्या कुंडीतल्या सात पानांपैकी पाचांना काठ लागला होता. शेजारच्या कुंडीत एका जुन्या पानाचं टोक तेवढं वाळलं होतं. त्याच दिवशी दुसऱ्या कुंडीचं पाणीही बदललं, यापुढे तिला त्रास देण्यात अर्थ नव्हता.

तुमच्या कुंडीत हेच आहे का

तपकिरी रंग टोकापासून सुरू होऊन काठाने फिरतो, आणि मेलेला भाग व हिरवा भाग यांच्यामध्ये पिवळी बारीक रेघ असते. आधी जुनी पानं, मग नवी. कुंडीच्या काठावर, मातीवर किंवा तळाच्या भोकाशी पांढरा थर. मातीच्या कुंडीला बाहेरूनही पांढरं फुटतं. यातलं बहुतेक जुळलं तर हवेच्या मागे न लागता पाणी मोजा.

कुंडीतले क्षार मोजायची सोपी रीत आहे. नेहमीसारखं पाणी घाला, अर्ध्या तासाने आणखी थोडं घालून तळातून निथळणारं पाणी कपात धरा आणि मीटर बुडवा. माझ्या कुंडीतून पहिल्यांदा निघालेलं पाणी 1,900 होतं. माझ्या अनुभवात घालायचं पाणी दीडशेच्या आत असेल तर कॅलेथिया तक्रार करत नाही, चारशेच्या पुढे हमखास करते.

मीटरची एक मर्यादा ध्यानात ठेवा. तो एकूण क्षार सांगतो, कोणता क्षार ते सांगत नाही. फ्लोराइड अगदी थोडं असलं तरी या कुळातल्या झाडांची टोकं जळतात, स्पायडर प्लांट आणि ड्रेसिनाचंही तसंच. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेडच्या ज्या भागांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे, तिथे मीटरवरचा आकडा बरा दिसला तरी या झाडांना ते पाणी नको. सिंगल सुपर फॉस्फेट हे खतही याच कारणाने टाळा, त्यात फ्लोराइड असतं.

कुंडी धुणं

साचलेले क्षार काढायला माती धुवावी लागते. सहा इंची कुंडीत साधारण दोन लिटर माती मावते. तिच्या तिप्पट-चौपट, म्हणजे सहा ते आठ लिटर कमी क्षारांचं पाणी लागेल. कुंडी बाथरूममध्ये विटेवर किंवा जाळीवर ठेवा, तळाची भोकं मोकळी आहेत ना ते पाहा, आणि तांब्याने थांबत थांबत पाणी घाला. एकदम ओतलं तर ते कडेने निघून जातं आणि मधला गोळा तसाच राहतो. मला यासाठी अर्धा-पाऊण तास लागतो. शेवटी निथळणारं पाणी तीनशेच्या आसपास आलं की थांबा. मग कुंडी पूर्ण निथळू द्या आणि ताटलीत पाणी साचू देऊ नका, नाहीतर काढलेले क्षार माती पुन्हा ओढून घेते.

मातीवर पांढरी खपली असेल तर धुण्याआधी वरची अर्ध्या इंचाची माती खरवडून टाका. खरवडली नाही तर तीच खपली विरघळून खाली मुळांशी जाते.

हे काम मी आता फेब्रुवारीअखेरीस एकदा आणि एप्रिलमध्ये एकदा करते. माती घट्ट असेल, पाणी वर साचून राहत असेल, तर धुवायच्या भानगडीत पडू नका. मुळं कुजतील. तिथे माती बदलणंच बरं.

पाणी आणायचं कुठून

सर्वांत उत्तम पावसाचं. पहिले दोन-तीन पाऊस जाऊ द्या, गच्चीवरची घाण धुऊन निघते, मग बादल्या लावा. झाकण असलेल्या पिंपात ते महिनोन्‌महिने टिकतं, फक्त डास होणार नाहीत असं घट्ट झाका. एसीतून ठिबकणारं पाणीही क्षारांच्या दृष्टीने जवळजवळ पावसासारखंच, मीटरवर माझ्याकडे 20 च्या आत येतं. मी त्यातला पहिला तांब्या टाकून देते, नळीतला मळ येतो म्हणून.

आरओचं पिण्याचं पाणी चालतं, पण नुसतं तेच वर्षभर घालू नका. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम जवळपास राहत नाही आणि झाडाला तेही हवं असतं. मी टँकरच्या पाण्याचा एक भाग आणि आरओच्या पाण्याचे चार भाग असं मिसळते. हिशेबाने 160 च्या आसपास येतं. झाडाला ते मानवतं आणि पिण्याचं पाणीही थोडं वाचतं.

आता ज्यांनी फायदा होत नाही ते. पाणी रात्रभर उघडं ठेवल्याने क्लोरीन उडतं, क्षार उडत नाहीत. उकळल्याने काही चुना भांड्याला बसतो, पण पाणी आटतं आणि बाकीचे क्षार उलट दाट होतात. सोसायटीत सॉफ्टनर बसवला असेल तर त्या पाण्याला साबणाचा फेस छान येतो, नळावर पांढरे डाग पडत नाहीत, आणि म्हणून लोकांना वाटतं की झाडांचंही भलं होईल. सॉफ्टनर कॅल्शियम काढून त्याजागी सोडियम घालतो. झाडासाठी हे मूळ पाण्यापेक्षा वाईट.

आरओचं वाया जाणारं पाणी आमच्याकडे आता लादी पुसायला आणि संडासात जातं. थोडं कण्हेरीला आणि बोगनवेलीला, ही दोन्ही झाडं क्षार बऱ्यापैकी सोसतात. बदल सासूबाईंना सांगताना मी मीटर त्यांच्याच हातात दिला आणि दोन्ही बादल्यांत बुडवायला सांगितला. 45 आणि 890 बघितल्यावर आणखी काही बोलावं लागलं नाही. आता मार्च लागला की त्याच आठवण करून देतात.

कोकोपीटचा क्षार

पाणी सुधारूनही कडा करपत असतील तर मातीकडे वळा. कोकोपीट म्हणजे कुंडीच्या मातीत मिसळतात तो नारळाच्या काथ्याचा भुसा. त्याच्या विटेत सोडियम आणि पोटॅशियमचे क्षार असतात. न धुता वापरली तर पहिल्याच महिन्यात टोकं जळतात आणि आपण नर्सरीला बोल लावतो. वीट फुगवा, पिळून पाणी टाका, पुन्हा भिजवा, पुन्हा पिळा. निघणाऱ्या पाण्याचा चहासारखा रंग फिका होईपर्यंत हे करा. मला बहुधा चार पाण्यांनी भागतं.

माझं मिश्रण असं: दोन भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग चाळलेला पालापाचोळ्याचा जुना खत, एक भाग कोळशाचे हरभऱ्याएवढे तुकडे आणि जाडी वाळू. समुद्राकाठची वाळू नको, तिच्यात मीठ आलंच. गांडूळखत मूठभर, जास्त नाही, त्यातही क्षार असतात. विरघळणारं 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) जुलै ते ऑक्टोबर महिन्यातून एकदा, लिटरला पाव ग्रॅम. उन्हाळ्यात कडा करपलेल्या झाडाला खत देऊन उभारी येत नाही, कुंडीत आणखी क्षार पडतो.

क्षार नसेल तर

हवा खरोखर कोरडी पडली असेल तर खूण वेगळी असते. नव्या पानाची सुरळी उलगडताना अडकते, पान फाटतं किंवा चुरगळलेलं बाहेर येतं. पानं दिवसाही आतल्या बाजूला वळलेली राहतात. नागपूर, संभाजीनगर, सोलापूरकडच्या लोकांना हे मे महिन्यात दिसेलच. फवाऱ्याने हवा काही मिनिटंच ओली राहते. त्यापेक्षा चार-पाच कुंड्या एकत्र ठेवा, बाथरूममध्ये खिडकी असेल तर झाड दोन महिने तिथे नेऊन ठेवा. एसीच्या आणि कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. मुंबई, कोकण, गोव्यात हवेचा प्रश्न सहसा येत नाही, तिथे कडा करपल्या तर मी पाण्यावरच संशय घेईन.

पानावर सुईने टोचल्यासारखे फिके ठिपके, नक्षी धुरकट आणि खालच्या बाजूला बारीक जाळी दिसली तर ती लाल कोळी. पांढरं ओलं फडकं पानाच्या पाठीवरून फिरवा, तांबूस डाग आला तर नक्की. पानं दोन्ही बाजूंनी नळाखाली धुवा, संध्याकाळी लिटरला पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि द्रवरूप साबणाचे चार थेंब फवारा, आधी एका पानावर करून दोन दिवस थांबा. दर पाच दिवसांनी असं तीन वेळा करावं लागतं, कारण अंडी एका फवाऱ्याने मरत नाहीत. कोरड्या उन्हात ही कीड झपाट्याने वाढते, आणि क्षारांनी दमलेल्या झाडावर दोन्ही त्रास एकदम दिसू शकतात.

खालची पानं पूर्ण पिवळी, देठ बुडाशी मऊ आणि मातीला कुबट वास असेल तर पाणी जास्त झालंय. पानाच्या मधोमध कोरडे, फिकट डाग असतील तर थेट ऊन. सावलीचं झाड म्हणजे अंधाराचं नव्हे. पूर्वेची खिडकी आणि मध्ये पातळ पडदा, हाताची सावली पडेल पण तिच्या कडा धूसर असतील इतका उजेड पुरतो.

झाडाची तब्येत बघायला मी रोज संध्याकाळी एक गोष्ट पाहते. देठ आणि पान जुळतात तिथे एक फुगीर सांधा असतो. त्याच्या पेशींत पाणी कमी-जास्त झालं की पान हलतं, त्यामुळे दिवेलागणीला पानं हात जोडल्यासारखी उभी राहतात आणि सकाळी पुन्हा पसरतात. ही उघडझाप रोज होत असेल तर दोन करपलेल्या कडांनी घाबरून जाऊ नका. ती थांबली तर मुळांकडे लगेच बघा.

करपलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. कापायचा असेल तर कात्रीने पानाच्या आकारातच कापा आणि तपकिरी रंगाची केसाएवढी रेघ शिल्लक ठेवा. हिरव्यात कात्री गेली तर तिथून नवीन काठ वाळतो. पाणी बदलल्यावर जुन्या पानांकडे बघून निकाल लावू नका. त्यानंतर सुरळीतून बाहेर आलेलं पान दीड-दोन महिन्यांचं होऊ द्या आणि त्याचं टोक बघा. माझ्याकडे परवा, एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, फेब्रुवारीत उलगडलेल्या तीन पानांची टोकं मी भिंग घेऊन पाहिली. तिन्ही हिरवी आहेत.